बिडाच्या तव्याला घावन पुन्हा पुन्हा चिकटतं, तेव्हा

उलथनं घालावं, कडा सुटाव्यात आणि घावनाचा मधला भाग तव्यालाच धरून बसावा. मग तो तवा तारेच्या घासणीने लख्ख करायचा, भरपूर तेल ओतून तापवायचा. आठ-दहा दिवस बरे जातात आणि परत तेच. बिडाच्या तव्याची, कोकणातल्या भिड्याची, ही तक्रार इतक्या घरांत ऐकू येते की शेवटी तो तवा माळ्यावर तरी जातो, नाहीतर भंगारात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अशा बहुतेक तव्यांत दोष काहीच नसतो. नीट सांभाळला तर हा तवा सासूकडून सुनेकडे आणि तिच्याकडून पुढच्या पिढीकडे जातो.

माझं सांगणं एकच आहे: घावन चिकटलं की लगेच तवा घासायला घेऊ नका. चिकटण्याची कारणं तीन, आणि ती तपासायलाही एक क्रम आहे. आधी ताप, मग पीठ, आणि सगळ्यांत शेवटी तव्यावरचा तेलाचा थर. आपण बरोबर उलटं करतो. थरापासून सुरुवात करतो, चांगला बसलेला थर घासून काढतो, आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. दुखणं उलटतं ते त्यामुळे.

कोणतं घावन चिकटलं?

ही खूण सगळ्यांत उपयोगी आहे आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं. पहिलं किंवा पहिली दोन घावनं चिकटून पुढची नीट सुटत असतील, तर तवा पुरेसा तापला नव्हता. थराला हात लावायचं कारण नाही. सुरुवातीची छान होऊन शेवटची दोन-तीन चिकटत असतील, तर पीठ भांड्याच्या तळाला बसलंय. प्रत्येक घावन फक्त मधोमध चिकटत असेल, तर गॅसची ज्योत तव्याच्या मध्यावरच आपटतेय. तिथे थर जळून गेलेला असतो आणि कडा मात्र थंड राहतात. दर वेळी एकाच जागी, समजा डाव्या कानाजवळ, चिकटत असेल तर तेवढ्या भागातला थर निघालाय. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक घावन सगळीकडून चिकटत असेल, तरच पूर्ण थराचा संशय घ्यायचा.

पुढच्या वेळी घावनं घालाल तेव्हा एवढं नुसतं पाहून ठेवा. निम्मं काम तिथेच होतं.

ताप

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर असतं. ते जाड असतं, उष्णता भरपूर धरून ठेवतं, पण ती पसरवायला फार वेळ लावतं. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत बिडातून उष्णता साधारण पाव पट वेगानेच पुढे सरकते. त्यामुळे पोळीच्या पातळ लोखंडी तव्याच्या हिशेबाने मोठ्या आचेवर दोन मिनिटं तापवलेला बिडाचा तवा मधे धूर सोडत असतो आणि कडेला जेमतेम कोमट असतो.

चुलीवर हा प्रश्न कमी यायचा. लाकडाचा जाळ तव्याच्या तळाशी सगळीकडे पसरतो, आणि तवा चुलीवर चांगला वेळ आधी चढलेला असतो. गॅसचा बर्नर मात्र एका छोट्या वर्तुळातच ज्योत देतो. म्हणून आजीचा तवा आजीकडे नीट चालायचा आणि आपल्या ओट्यावर रुसतो, यात गूढ काही नाही.

उपाय साधा आहे. तवा सगळ्यांत मोठ्या बर्नरवर ठेवा, पण आच मंदच्या थोडी वर. आठ-दहा मिनिटं द्या. मधे दोन-तीनदा तवा पाव फेरा फिरवा, म्हणजे ज्योत नव्या भागाखाली येते. मग पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहा, एक मध्यावर आणि बाकीचे कडांकडे. थेंब बसून राहून सावकाश उकळला तर तवा अजून थंड आहे. चुर्र आवाज होऊन एक-दोन सेकंदांत नाहीसा झाला तर घावनाला योग्य. थेंब न आटता तव्यावर इकडेतिकडे पळत राहिला, तर पाणी आणि लोखंड यांच्यामध्ये वाफेचा पडदा तयार झालाय. तवा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याच्या वर गेला. आच कमी करून मिनिटभर थांबा. इतक्या तापात पीठ पडताक्षणी करपतं आणि तेलही जळतं.

मधल्या थेंबाची आणि कडेच्या थेंबाची वागणूक वेगवेगळी असेल, तर आच आणखी कमी करून आणखी वेळ द्यायचा. इथे घाई करून काहीही साधत नाही.

थंड तव्यावर पीठ चिकटतं कारण तांदळातलं पिष्ट साधारण ७० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतं आणि चिकट होतं. तवा गरम असेल तर लोखंडाला टेकलेल्या पिठातल्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते, ती वाफ पीठ उचलून धरते, तिथेच जाळी पडते आणि खालचा पापुद्रा वाळून सुटा होतो. तवा कोमट असेल तर ही वाफ होतच नाही. फुगलेलं पिष्ट लोखंडाच्या बारीक खळग्यांत शिरून तिथेच वाळतं. मग उलथनं कितीही धारेचं असलं तरी फाटतं ते घावन. जाळी पडली नाही तर घावन चिकटणार, हे जवळजवळ धरून चाला.

दोन घावनांच्या मधेही थोडं थांबावं लागतं. घावनाचं पीठ म्हणजे बरंचसं पाणीच, आणि त्याची वाफ करताना तव्यातली बरीच उष्णता खर्च होते. एक काढलं की लगेच दुसरं घातलं, तर तिसऱ्या-चौथ्यापर्यंत तवा उतरतो. अर्धं मिनिट द्या, तेवढ्यात तेलाचा हात फिरवून होतो.

झाकण काढायची आणि उलटायची वेळ घावनच सांगतं. वरचा ओला चकाकता भाग मंद पडतो आणि कडा आपोआप तव्यापासून उचलल्या जातात. कडा उचलल्या नसतील तर उलथनं लावूच नका. अर्ध्या मिनिटाच्या घाईने फाटलेल्या घावनाचा दोष बिचाऱ्या तव्यावर येतो.

पीठ

घावनाचं पीठ ताकाइतकं पातळ हवं, आणि तांदळाची पिठी पाण्यात विरघळत नाही, फक्त तरंगत राहते. दोन मिनिटं भांडं स्थिर राहिलं की ती खाली बसते. त्यामुळे पहिली घावनं पातळ आणि जाळीदार, शेवटची जाड, गिच्च आणि चिकट. प्रत्येक वाटी उचलण्याआधी तळापासून ढवळायचं. दर वेळी, न विसरता. शेवटी उरलेलं पीठ दाट झालंच असेल तर त्यात थोडं पाणी घालून सारखं करा.

तांदूळ कोणता, यानेही मोठा फरक पडतो. इंद्रायणी आणि आंबेमोहोर हे भाताला सुंदर, पण दोन्ही चिकट. नुसत्या त्यांच्या पिठाची घावनं तव्याला धरतात. नवा तांदूळही जुन्यापेक्षा चिकट असतो. घावनाला जुना, जाडा, मोकळा शिजणारा तांदूळ बरा. बाजारातली मोदकाची पिठी बऱ्याचदा सुवासिक चिकट तांदळाची असते, कारण उकडीला तेच हवं असतं. मोदकांतून उरलेली पिठी घावनाला वापरली आणि चिकटली, हे गणपतीनंतर घरोघरी होतं. ती वापरायचीच असेल तर निम्मं साधं तांदळाचं पीठ मिसळा. आणि पीठ कालवायला पाणी गारच घ्या. गरम पाण्यात पिष्ट भांड्यातच फुगायला लागतं.

आंबोळीच्या पिठाचं गणित वेगळं आहे. त्यात उडीद आणि मेथी असते, पीठ दाट असतं, आणि आंबोळी झाकणाखाली सावकाश वाफेवर होते. तिला घावनापेक्षा थोडी कमी आच लागते. मोठ्या आचेवर खालून करपते आणि वर कच्ची राहते, मग करपलेला भाग तव्याला धरतो. झाकणावर साठलेलं पाणी आंबोळीच्या कडेला ओघळू देऊ नका, तेवढीच जागा ओली होऊन चिकटते.

पिठात गूळ असेल, जसं काकडीच्या गोड घावनांत असतो, तर सगळी गणितं बदलतात. साखर आणि गूळ तापल्या लोखंडावर पाक होऊन धरतात, चांगल्या थरावरसुद्धा. अशा घावनांना आच बरीच कमी आणि तुपाचा हात सढळ हवा, आणि ती शेवटी करायची. आधी गोड आणि मग साधी असं केलं, तर साधी घावनं आधीच्या जळक्या गुळावर चिकटतात. खापरोळीला हा त्रास नाही, कारण तिचा गोडवा वरून घेतलेल्या नारळाच्या रसात असतो.

तेल लावायची रीतही इथेच सांगते. तव्यावर तेलाचं तळं नको, नुसता चकाकता पुसट हात हवा. अर्धा कांदा काट्याला टोचून, वांग्याचं देठ किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून फिरवायची जी जुनी पद्धत आहे, ती आजही सर्वांत चांगली. या वस्तू तापाने वितळत नाहीत आणि तेल पातळ पसरवतात. प्लॅस्टिकच्या केसांचा ब्रश तापल्या बिडावर वितळतो, तो वापरू नका.

थर

ताप आणि पीठ दोन्ही ठीक असूनही चिकटत असेल तरच इथे या.

चांगल्या तव्यावरचा काळा, गुळगुळीत थर म्हणजे साठलेलं तेल नव्हे आणि मळही नव्हे. तेलाचा अतिशय पातळ थर हवेत खूप तापला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन एक कडक, कोरडं आवरण बनतं, आणि ते लोखंडाला घट्ट धरून राहतं. हाताला तेलकट लागत नाही, पाण्याने निघत नाही. घावन सुटतं ते या आवरणामुळे. तवा तयार करणं, मुरवणं, वळणावर आणणं असं घरोघर जे म्हणतात, ते हे आवरण बनवणं.

यात सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे तेल जास्त घेणं. जाड थर आतपर्यंत कडक होत नाही. वरून वाळल्यासारखा दिसतो, आत ओशट राहतो, बोट लावलं की चिकटतं, आणि दोन आठवड्यांत खवट वास सुटतो. तव्याला बोट चिकटत असेल तर घावनही चिकटणारच. उपाय म्हणजे आणखी तेल नव्हे. तवा कोरडाच मध्यम आचेवर, खिडक्या उघड्या ठेवून, चिकटपणा जाईपर्यंत तापवा. घरी ओटीजी असेल तर तव्याचं तोंड खाली करून २३० अंशांवर तासभर ठेवा. तरीही ओशटपणा राहिला तर जाडं मीठ आणि चमचाभर तेल घेऊन सुती कापडाने घासा, मीठ पूर्ण धुऊन काढा आणि तवा आचेवर वाळवा. मीठ मागे राहिलं तर गंजाला आमंत्रण.

तेल कोणतं घ्यावं? कोकणात हाताशी खोबरेल असतं आणि तेच लावलं जातं, पण थर बसवायला ते सर्वांत कच्चं. त्यातली बहुतेक स्निग्धता संपृक्त असते, तिचे रेणू एकमेकांना सहजी जोडले जात नाहीत. सूर्यफूल, सोयाबीन आणि करडई यांचे जोडले जातात. करडईचं तेल हवेत वाळून कडक होतं, म्हणून ते रंग-रोगणातही वापरलं गेलंय. सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरांत ते असतंच. जवसाच्या तेलाचा थर आणखी कडक बसतो, पण तो ठिसूळ असतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून मी ते सुचवणार नाही. शेंगदाण्याचं तेल मधलं, चालून जातं.

थर असा बसवा. तवा धुऊन आचेवर पूर्ण कोरडा करा. हाताला सोसेल इतका गरम असताना अर्धा चमचा तेल सगळीकडे चोळा, खालच्या बाजूला आणि कानांनाही. मग स्वच्छ कोरडं कापड घ्या आणि चुकून लागलेलं तेल काढून टाकायचंय असं समजून ते सगळं पुसा. तवा कोरडा दिसला पाहिजे. उरलेला न दिसणारा अंश तेवढाच पुरतो. आता मध्यम आचेवर ठेवून फिरवत फिरवत तापवा. धूर यायला लागेल, येऊ द्या, आणि धूर थांबेपर्यंत ठेवा. गार होऊ द्या. परत तेल, परत पुसणं, परत ताप. असे तीन-चार फेरे झाले की तवा करड्याचा तपकिरी आणि मग काळसर होत जातो. लाकडी मूठ असेल तर आधी काढून ठेवा. ओटीजीत करणार असाल तर २३० ते २५० अंश, तासभर, आणि आतच थंड होऊ द्या. गॅसपेक्षा थर जास्त एकसारखा बसतो.

एवढ्यावर थर पक्का होत नाही, तो वापराने होतो. नव्याने तयार केलेल्या तव्यावर पहिल्याच दिवशी घावन घालू नका, ही परीक्षा त्याला फार लवकर होते. आधी काही दिवस थालीपीठं लावा. थालीपिठाला पाडलेल्या भोकांत सोडलेलं तेल, मंद आच आणि झाकण, यांत थर आपोआप मुरतो. धिरडी पुढची. घावन सर्वांत शेवटी.

एकाच जागचा थर गेला असेल तर पूर्ण तवा उघडा करायची गरज नाही. तेवढी जागा मीठ-तेलाने घासा, धुवा, वाळवा आणि वरचे दोन-तीन फेरे पूर्ण तव्याला द्या. नवा थर जुन्यात मिसळून जातो.

काळे पापुद्रे अन्नात यायला लागले तर ते काय आहेत ते पाहा. बऱ्याचदा तो थर नसतोच, जुन्या घावनांचं जळून साठलेलं पीठ असतं. धारेच्या सपाट उलथन्याने खरवडलं की निघतं, आणि खाली चांगला काळा थर दिसतो. खाली करडं लोखंड दिसलं आणि सगळीकडे असंच व्हायला लागलं, तर मात्र पूर्ण काढून नव्याने सुरुवात करावी लागते. तव्यात पाणी आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं उकळा, मग तारेची घासणी वापरा. संपूर्ण तवा घासायची खरी वेळ ही. लागेल तर पुन्हा उकळा. हातमोजे घाला. कुणी कुणी तवा शेणीच्या नाहीतर होळीच्या आगीत टाकून जाळून घेतात. थर जातो खरा, पण बीड लालभडक तापून वाकतं, तडकतं, आणि पृष्ठभागावर अशी लालसर खपली धरते की पुढे तिच्यावर तेल नीट बसत नाही. ते करू नका.

थर सारखा जातो कुठे?

थर बसवला आणि महिन्याभरात गेला, असं होत असेल तर बहुतेक वेळा उत्तर मोरीत सापडतं. तवा बाकीच्या भांड्यांबरोबर मोरीत जातो. भांड्यांना येणाऱ्या मावशी तो कढई-पातेल्यांसारखाच तारेने आणि पावडरने चकाचक घासतात, कारण त्यांच्या कामाची पारख चकाकीवरच होते. मग तवा ओलाच पालथा घातला जातो. मावशींची यात काहीच चूक नाही. तवा मोरीत जाऊच द्यायचा नाही, आपला आपण धुवायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

कोमट असतानाच उलथन्याने खरवडा, गरम पाणी आणि काथ्याची घासणी फिरवा. भांडी धुण्याच्या सौम्य लिक्विडचा थेंब चालतो. साबण लागला की तवा गेला, ही भीती आता धरायला नको. पक्का थर त्याने निघत नाही. नुकसान होतं ते तारेने, घासायच्या पावडरने, धुण्याच्या सोड्याने आणि तवा पाण्यात भिजत ठेवल्याने. धुतल्यावर फडक्याने पुसून थांबू नका. गॅसवर ठेवा, पाण्याचा शेवटचा डाग उडेपर्यंत. मग तेलाचा एक थेंब चोळून पुसून टाका.

आंबट पदार्थ हा दुसरा चोर. चिंच, कोकम, आगळ, टोमॅटो या तव्यावर शिजवत ठेवू नका. आंबटाने थर उतरतो आणि लोखंड पदार्थात उतरतं. लोखंडाच्या भांड्यातून थोडं लोह अन्नात जातं ते चांगलंच, पण आंबटात ते इतकं उतरतं की पदार्थ काळपट पडतो आणि त्याला धातूची चव येते. आंबोळीचं पीठ आंबलेलं असतं तरी चालतं, कारण ती दोन-तीन मिनिटांतच तव्यावरून उतरते. मासे तळायला मात्र वेगळा तवा ठेवावा. थर बिघडतो म्हणून नव्हे, तर बांगड्याचा वास थरात मुरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या घावनाला येतो.

नवा तवा पहिल्यापासूनच चिकटत असेल

नवं बीड वाळूच्या साच्यात ओतलेलं असतं, म्हणून त्याची पाठ रवाळ असते. त्यावर बऱ्याचदा गंज लागू नये म्हणून वंगण किंवा मेणासारखा थर असतो. तो गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीने आधी पूर्ण काढायचा. यानंतर तार या तव्याला लागू द्यायची नाही. हाताला काळा रंग सारखा लागत असेल आणि दोन-तीनदा धुऊनही थांबत नसेल, तर तो तवा परत करा. तांदळाच्या धुवणात दोन-तीन दिवस बुडवून ठेवायची पद्धतही आहे. माझ्या मते त्यात उपयोगी पडतं ते नंतरचं घासणं. नुसत्या भिजवण्याने उघड्या लोखंडाला गंज चढतो.

फारच खरखरीत असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणा, आधी ८० नंबर, मग १२०. तवा ओला ठेवून गोल गोल घासा, म्हणजे धूळ उडत नाही. उंचवटे तेवढे जावेत, आरशासारखा गुळगुळीत करायचा नाही, कारण फार गुळगुळीत लोखंडाला थर नीट धरत नाही. नंतर धुऊन, वाळवून लगेच तेल.

तवा ठेवून एकदा डुलवून पाहा. तळ सपाट नसेल तर तो गॅसच्या जाळीवर डुलतो आणि एका बाजूलाच तापतो. इंडक्शनवर तर अजिबात धड तापत नाही. इंडक्शनवर बीड चालतं, पण सुरुवात अगदी कमी वॅटवर करायची. मधोमध एकदम ताप दिला तर तवा तडकू शकतो. तापल्या तव्यावर गार पाणी ओतल्यानेही हेच होतं. तडा गेल्याची शंका असेल तर तवा कानाला धरून लोंबकळवा आणि उलथन्याने टिचकी मारा. धड तवा खणकतो, तडकलेला बद्द वाजतो. केसासारखी भेग असेल तर तिच्यातून तेल खालच्या बाजूला उतरून दिसतं. असा तवा पुढे कधीतरी ताप लागून दुभंगतो, आणि बिडाचं वेल्डिंग घरगुती भांड्यासाठी परवडत नाही. तो सोडून द्या. थराचे कितीही फेरे दिले तरी तो बरा होणार नाही.

गंज, आणि बंद घरातला तवा

मुंबई-पुण्याहून गणपतीला गावी जायचं, बंद घर उघडायचं, आणि भिंतीला टेकवलेलं भिडं लाल झालेलं पाहायचं, हे कोकणातल्या कितीतरी घरांत दर वर्षी होतं. पावसाळ्यातली दमट हवा आणि किनाऱ्याजवळची खारट हवा, दोन्ही मिळून एका पावसात हे करतात. घाबरून टाकून देऊ नका. पृष्ठभागावरचा गंज हा शेवट नव्हे.

वरवरचा गंज असेल तर काथ्या आणि मीठ-तेल पुरतं. खोल असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात तवा अर्धा तास बुडवा, जास्त नाही. आम्ल गंज खातं आणि गंज संपला की लोखंड खायला लागतं. व्हिनेगर नसेल तर चिंचेचा कोळ दाट करून चोळा, अर्ध्या तासाने घासून काढा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, आणि लगेच आचेवर. उघडं लोखंड ओलं राहिलं तर काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं. कोरडा होताक्षणी तेल, पुसणं, ताप, वर सांगितल्याप्रमाणे. गणपतीच्या गर्दीत तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी दोन फेरे द्या आणि थालीपिठांपासून सुरुवात करा. घावनं गौरीपर्यंत थांबू शकतात.

परत निघताना तवा ठेवण्याची पद्धत मात्र रोजच्यापेक्षा वेगळी आहे, आणि इथे खोबरेल कामाला येतं. सूर्यफूल किंवा करडईचं कच्चं तेल लावून तवा महिनोन्‌महिने ठेवला तर तेच तेल हवेत अर्धवट वाळून चिकट आणि खवट होतं. खोबरेल सहसा तसं वाळत नाही आणि सावकाश खराब होतं. तवा आचेवर पूर्ण कोरडा करा, गरम असतानाच दोन्ही बाजूंना खोबरेलाचा जरा सढळ हात द्या, आणि सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, ते ओल धरून ठेवतं. दुसऱ्या भांड्यात घालून ठेवायचा असेल तर मधे कोरडं फडकं घाला. पुढच्या खेपेला गरम पाण्याने आणि लिक्विडने खोबरेल धुवा, मंद आचेवर दहा मिनिटं तापवा, कांद्याने साध्या तेलाचा हात फिरवा, आणि पाण्याचे थेंब शिंपडून ताप पाहूनच पहिलं घावन घाला.